गळणं आणि गाळणं

३ फेब्रुवारी

ही डायरी सूनबाईने दिली. दवाखान्यात कुणीतरी वाटलेली, मागच्या वर्षाची उरलेली आहे, त्यामुळे तिच्यातल्या तारखा खऱ्या आणि वार खोटे. रोज कोणती माती घेतली, तिच्यात काय मिसळलं, भट्टी कशी पेटवली ते यात लिहायचं असा हुकूम आहे. मी म्हटलं, सगळा जन्म मातीत गेला, माझ्या हाताला सगळं कळतं, ते कागदाला कशाला कळवायचं? ती म्हणाली, हाताला कळलेलं दुसऱ्याला सांगता येत नाही, म्हणून. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने शिकलेल्या सुनेशी वाद घालू नये. तेव्हा लिहितो.

आणि लिहिण्यासारखं घडलंही. आज ती दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन माझ्या शेडमध्ये आली. लग्न होऊन घरात आली तेव्हा मातीला हात लावीन तर शपथ, असा तिचा बाणा होता. कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येतेच म्हणतात. आमची आली ती सरकारी डॉक्टर बरोबर घेऊन आली.

दोघींचं म्हणणं असं की मी त्यांना मडकी करून द्यावीत. किती हवी ते सांगा, म्हटलं. तर म्हणाल्या, गाळणारी हवीत. वरून पाणी ओतलं की तळातून आणि अंगातून थेंब थेंब खाली पडलं पाहिजे.

मला या वस्तीत ठणठणकाका म्हणतात. भट्टीतून निघालेलं प्रत्येक मडकं मी टिचकी मारून वाजवतो. 'ठण' झालं तर विकतो, नाही झालं तर गिऱ्हाइकासमोर फोडतो. माझं मडकं गळलं असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि या दोघी मला गळकी मडकी करायला सांगत होत्या. मी डॉक्टरीणबाईंना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

४ फेब्रुवारी

सूनबाई माझ्यावर खूश असली की मला 'बाबा' म्हणते, रागावली की 'मामंजी'. आज सकाळपासून मामंजी चालू आहे.

तिचं काम वस्तीत घरोघर फिरून पाणी उकळून प्या म्हणून सांगण्याचं. लोक तिला उकळाताई म्हणतात. सगळे ऐकून घेतात, माना डोलावतात आणि तसंच पितात, कारण रोज एवढं पाणी उकळायला सरपण आणायचं कुठून? आमची वस्ती उतारावर. सगळ्यांचं पाणी एकाच झऱ्याचं, आणि वरच्या घरांचं सांडपाणी त्याच्याच कडेने वाहतं. आमचे चिरंजीव पाण्याचा टँकर चालवतात, पण रस्ता अरुंद असल्यामुळे टँकर आमच्या वस्तीत चढत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या टाक्या भरून हा घरी येतो आणि झऱ्याचं पाणी पितो.

दुपारी तिने मला नीट समजावलं. मातीत लाकडाचा बारीक भुसा मिसळायचा. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी डोळ्याला न दिसणारी भोकं राहतात. त्यातून पाणी जातं, रोगाचे जंतू अडकतात. ते मडकं झाकणाच्या बादलीत बसवायचं, बादलीला खाली तोटी. मी म्हटलं, म्हणजे गळकंच की. तेव्हा तिने काडी घेतली आणि ओल्या मातीवर दोन शब्द काढले. गळणं. गाळणं.

"मामंजी, एका कान्याचा तर फरक आहे," म्हणाली.

मी म्हटलं, एका कान्याने 'मरणं'चं 'मारणं' होतं. तिने काडी टाकली आणि निघून गेली. ही, म्हणजे माझी बायको, आतून ऐकत होती. म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी. कुंभाराच्या घरात ही म्हण काढू नये एवढंही तिला कळत नाही.

९ फेब्रुवारी

हो म्हणालो. डॉक्टरीणबाई ओढ्यापलीकडच्या कुंभाराला विचारणार असं सूनबाई हिला सांगत होती, मला ऐकू जाईल इतक्या हळू. त्याची मडकी न सांगताच गळतात. उद्या सगळी वस्ती म्हणाली असती की ठणठणकाकाला जमलं नाही ते त्याला जमलं.

मात्र माझं नाव या मालावर घालायचं नाही अशी अट घातली. "बरं, बाबा," म्हणाली.

१५ फेब्रुवारी

सुताराकडून भुसा आणला. दोनदा चाळला. मातीत मिसळून तुडवला. ही माती चाकावर चढत नाही, बोटं खरचटतात आणि कड फाटते. म्हणून डॉक्टरीणबाईंनी पत्र्याचा साचा आणलाय. त्यात माती दाबायची आणि उलटं करून काढायचं. साच्यातून मडकी काढायला कुंभार कशाला हवा?

भुसा किती घालायचा ते कळावं म्हणून प्रत्येक मिश्रणाच्या छोट्या चकत्याही थापल्या. मडक्यांबरोबर त्या भाजून बघायच्या.

साच्यातून निघालेलं मडकं आतून इतकं खरखरीत की बघवत नाही. सगळ्यांना आतून ओला हात फिरवला, नुसत्या मातीचं पातळ पाणी दिलं आणि बापाच्या गोट्याने घोटून घेतलं. हा गुळगुळीत गोटा माझ्या बापाने त्याच्या बापाकडून घेतलेला. तो फिरला की माती चकाकते. आता जरा माणसात आल्यासारखी दिसतायत.

२२ फेब्रुवारी

भट्टी उघडली. एकही मडकं तडकलं नाही. पण टिचकी मारली तर आवाज 'थप्प'. ठण नाहीच. भुशामुळे असाच येणार म्हणे. सगळी सकाळ थप्प थप्प ऐकून जीव विटला.

चकत्या खिडकीत मांडून ठेवल्या.

२६ फेब्रुवारी

मडकी भरून ठेवली होती. गळत नाहीत. सकाळी काठोकाठ भरलं, दुपारी बघितलं तर बाहेरून नुसता घाम आलेला आणि बादलीत तळ झाकेल एवढंही पाणी नाही. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, भुसा कमी पडला असेल. सूनबाईचा चेहरा उतरला.

खरं सांगतो, मला मनातून बरं वाटलं. चांगल्या हाताखालची माती, ती गळणार कशी? पण हे तिला बोलून दाखवलं नाही.

खिडकीतल्या चकत्या कमी झाल्यात. एकीला दातांच्या खुणा आहेत. घरात उंदीर झालेत.

५ मार्च

भुसा वाढवला. मडकी अजूनच ओबडधोबड निघाली, म्हणून यावेळी घोटायला जास्त वेळ लागला. दोनदा घोटली.

माझ्या चहात हल्ली दूध कमी असतं. हिला विचारलं तर म्हणाली, मांजर पितं. म्हटलं, घरात मांजर आहे तर उंदीर चकत्या कसे खातात? ही म्हणाली, दोघांचं आपसात जमलंय. आणि हसत सुटली. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं कळलं नाही.

१३ मार्च

दुसरा घाणाही तसाच. थेंब पडतो, पण तो पडेपर्यंत माणसाने कुठेतरी जाऊन दुसरा धंदा शोधावा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता भुसा फार चाळला गेला असेल. सूनबाई म्हणाली, भट्टी कमी तापली असेल. मी म्हटलं, साचाच वाकडा असेल. नाचता येईना अंगण वाकडं, असं ही आतून म्हणाली. या घरात मला कुणाचा आधार नाही.

सूनबाईने आपल्या घरच्या माठातलं पाणी एका छोट्या बाटलीत घेतलं. त्या बाटलीत औषध असतं. दोन दिवस ठेवायची, पाणी काळं झालं तर ते पिण्यासारखं नाही.

१५ मार्च

बाटली शाईसारखी काळी झाली.

तिने ती खिडकीतून उचलून पदराखाली घेतली आणि दवाखान्यात गेली. जेवली नाही.

२० मार्च

दोन घाणे वाया गेले, आणखी एक बघू, नाहीतर दुसरं काहीतरी करावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसरं म्हणजे काय, तर काहीच नाही. वर कागद पाठवायचा आणि वाट बघायची. मागचा कागद गेला तेव्हा चिरंजीवाचं लग्न व्हायचं होतं.

सूनबाई अशक्त दिसते. दवाखान्यातून लाल गोळ्या आणून घेते. मी म्हटलं, एवढी उन्हातान्हात फिरू नकोस. "बाबा, आता एवढं झालं की फिरणार नाही," म्हणाली. तिला या मडक्यांचा एवढा ध्यास का लागलाय? वस्ती इतकी वर्षं हेच पाणी पितेय.

असं लिहिलं खरं. पण का लागलाय ते मला ठाऊक आहे.

२१ मार्च

काल लिहायचं टाळलं ते आज लिहितो. आमची बाळी दोन वर्षांपूर्वी गेली. आठ महिन्यांची होती. जुलाब सुरू झाले आणि दवाखान्यात नेईपर्यंत तिच्यात काही उरलं नव्हतं. तिच्या तोंडाच्या बोळक्यात खाली दोन दात आले होते. ते दाखवायला ती सारखी हसायची.

ती पोटात आहे असं कळलं त्याच दिवशी मी चाकावर बसलो आणि तिच्या भातुकलीची बोळकी केली. चिमुकला माठ, चूल, तवा, झाकणासकट पातेलं. ही म्हणाली होती, अहो, मूल आधी जन्माला तर येऊ द्या. मला दम कुठला. ती बोळकी माळ्यावर एका डब्यात आहेत. बाळीचं खेळायचं वय झालंच नाही.

सूनबाई घरात तिचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. वस्तीत मात्र ती घरोघर जाऊन प्रत्येक बाईला सांगत फिरते, उकळा, उकळा.

२९ मार्च

तिसऱ्या घाण्याची माती मळायला घेतली. यावेळी भुसा तिने स्वतः चाळून दिला. शेडमध्ये दगडावर बसून चाळत होती आणि चाळता चाळता ओल्या मातीचा वास घेत होती. म्हणाली, बाबा, मातीला किती छान वास येतो. लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा कुठे पहिल्यांदा असं म्हणाली. कुंभाराच्या घरात रुळली म्हणायची. मला आनंद झाला.

उंदरांनी उरलेल्या चकत्याही संपवत आणल्या. चिरंजीवाला सापळा आणायला सांगितलं तर तो बायकोकडे बघून हसला. आणला मात्र नाही. मीच आणला आणि खिडकीत लावला.

२ एप्रिल

सापळ्यात कुणी सापडलं नाही. सापळ्याशेजारची चकती गेली. उंदीर हुशार आहे.

१० एप्रिल

आज अक्षर वाईट येईल.

साच्यातून काढलेली मडकी सावलीत सुकत होती आणि मी एकेक मांडीवर घेऊन घोटत बसलो होतो. सूनबाईला चक्कर आली म्हणून ती दवाखान्यातून लवकर घरी आली. पाणी घेऊन शेडमध्ये आली, मला बघितलं आणि दारातच उभी राहिली. मग शेजारी बसली. मांडीवरच्या मडक्यात हात घातला, तळवा आतून फिरवला. मग न घोटलेल्या मडक्यात घातला. पुन्हा पहिल्यात.

प्रत्येकाला असं करता का, तिने विचारलं. मी म्हटलं, मग काय? आतून खरखरीत माल माझ्या शेडबाहेर कधी गेला नाही, साच्यातला झाला म्हणून काय झालं. पहिल्या घाण्यालाही केलं होतं, दुसऱ्याला तर दोनदा.

ती हसेल किंवा मामंजी म्हणेल असं वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. माझ्या हातातला गोटा काढून घेतला.

"बाबा, आपल्या घरचा माठ कधी गळला नाही," म्हणाली.

मी म्हटलं, कसा गळेल? माझ्या हातचा आहे.

"हो. पाणी जसं भरलं तसंच ठेवलं त्याने. त्यातलं काही म्हणजे काही बाहेर जाऊ दिलं नाही. बाळीला मी त्याच माठातलं पाजलं."

मांडीवरचं मडकं माझ्या हातून कलंडलं. ती लगेच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, तुमचा दोष नाही, माठाचाही नाही, तसं मनात आणू नका, मला बोलायचं नव्हतं. मग मडकं माझ्या मांडीवर नीट बसवून दिलं.

"मला एक गळणारं करून द्या, बाबा. एकच."

इतके दिवस ती गाळणं म्हणत होती आणि मी गळकं म्हणत होतो. आज तिने माझाच शब्द घेतला, काना सोडून दिला. तेवढंच मला सहन झालं नाही. मी शेडच्या मागे गेलो आणि रडलो. या वयात माणूस रडला की आवाज फार वाईट येतो.

११ एप्रिल

ती सगळी मडकी पुन्हा भिजवून माती केली. नवीन थापली. साच्यातून काढली आणि तशीच ठेवली. आतून खरखरीत, जशी निघाली तशी. घोटून घोटून मी भुशाची भोकंच बुजवत होतो.

हात आपोआप आत जातो. तीनदा गेला. तेव्हा हिला बोलावलं आणि समोर बसवलं. माझा हात मडक्यात शिरला की हटकायचं, एवढंच तिचं काम. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं आवडीचं काम मी तिला पहिल्यांदाच दिलं.

गोटा शेडमधून काढला आणि घरात नेऊन ठेवला.

२४ एप्रिल

भट्टी उघडली. टिचकी मारली नाही. एक मडकं बादलीत बसवलं, वर झऱ्याचं पाणी ओतलं आणि आम्ही चौघं भोवती बसलो. चिरंजीव टँकर रस्त्यात उभा करून आला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग मडक्याच्या तळाला एक थेंब धरला. लोंबला. पडला.

टप.

पाठोपाठ दुसरा. मग चालूच झालं. सूनबाईने तोंडावर हात धरला. चिरंजीव माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, बाबा, तुमचं मडकं गळतंय. जन्मभर ज्या वाक्याला भीत आलो ते माझ्या पोराने म्हटलं आणि मी त्याला चहा पाजला.

सगळीच जमली नाहीत. एकातून धारच लागली. ते मी अंगणात आपटून फोडलं. ते गळकं होतं, गाळणं नव्हे. हा फरक आता मला कळतो.

२५ एप्रिल

पहिलं पाणी टाकून दिलं, दुसऱ्यांदा भरलं. त्यातलं बाटलीत घेतलं. बाटली खिडकीत आहे, सापळ्याशेजारी. घरातला प्रत्येक जण काही ना काही निमित्ताने त्या खिडकीशी जाऊन येतो. ही तर दोनदा तीच खिडकी पुसून आली.

२७ एप्रिल

पाणी स्वच्छ आहे. डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरून बघितली, हलवून बघितली, आणि म्हणाल्या, पिऊ शकता.

त्या गेल्यावर सूनबाईने तोटीखाली पेला धरला. मी म्हटलं, पहिला मान तुझा. तिने अर्धा पेला प्यायला, उरलेला मला दिला. मी प्यालो. चव जरा मातीची आहे, पण माती माझ्याच हातची, तक्रार कुणाकडे करणार?

मग ती म्हणाली, "बाबा, सप्टेंबरात आपल्या घरात आणखी एक पाणी पिणारं येणार आहे."

मी विचारलं, कोण? माझी बहीण? ती तर दिवाळखोर मुलाला सोडून कुठे जात नाही.

हिने कपाळावर हात मारला. चिरंजीव हसता हसता खाली बसला. सूनबाई लाजून लाल झाली आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दूध, लाल गोळ्या, चक्कर, मातीचा वास. मी खिडकीकडे बघितलं, सापळ्याकडे बघितलं. म्हटलं, चकत्या?

"मला राहवत नव्हतं," ती म्हणाली. "भाजलेल्या मातीचे डोहाळे लागले. डॉक्टरीणबाई रागावल्या, म्हणून आता सोडलंय."

उंदीर हुशार आहे असं मी लिहून ठेवलंय, ते खोटं नाही.

सगळ्यांना ठाऊक होतं, एक मी सोडून. मला जरा लागलं. संध्याकाळी हिने मला एकट्याला सांगितलं. म्हणाली, मागच्या वेळी कळल्याबरोबर तुम्ही बोळकी करायला बसलात. यावेळी सूनबाई म्हणाली, बाबांना सांगितलं की ते पुन्हा चाकावर बसतील, आणि ते मला बघवणार नाही. घरात चांगलं पाणी येऊ दे, मगच त्यांना सांगू.

आणि ते पाणी दोन महिने मीच अडवून बसलो होतो, बापाचा गोटा हातात घेऊन.

मी सूनबाईला सांगितलं, काही करणार नाही, चाकाला हात लावणार नाही, फक्त गाळणी करीन. "करा, बाबा," म्हणाली. "वस्तीला पुरतील एवढी करा."

सापळा शेजाऱ्यांना देऊन टाकला.

६ जून

कामाखाली डायरी राहिली. आज वीस गाळणी वाटली. बापाच्या गोट्याला काम मिळालं आहे. आमच्या बादलीचं झाकण वाऱ्याने उडायचं, त्यावर तो ठेवला. बसून बसून पाणी राखतो.

किराणावाला म्हणाला, काय ठणठणकाका, आता गळकी मडकी खपवायला लागलात? मी म्हटलं, तुझ्या घरी एक ठेवून जातो, महिन्याभराने सांग. त्याची बायको मागून म्हणाली, ठेवूनच जा.

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आता घरोघरी मातीची गाळणी.

१८ जुलै

पोरं मला टपटपकाका म्हणायला लागलीत. आधी राग आला. पण उतारावरून येताना उघड्या दारातून घराघरातला टपटप आवाज ऐकू येतो आणि माझी चाल आपोआप मंदावते.

किराणावाला आज म्हणाला, धाकट्याचं पोट या महिन्यात बिघडलं नाही. आणि लगेच हवापाण्याचं बोलायला लागला. मीही वाढवलं नाही.

२ ऑगस्ट

पलीकडचा कुंभार शिकायला आला होता. डॉक्टरीणबाईंनी पाठवला. एके काळी मी त्याला पाणीही विचारलं नसतं. आज गाळण्याचं पाणी दिलं, शेजारी बसवलं आणि ही डायरी उघडून माती किती, भुसा किती, भट्टी किती, सगळं वाचून दाखवलं. अधलीमधली पानं गाळून.

साच्यातून पहिलं मडकं काढलं आणि बोलता बोलता त्याचा ओला हात आत गेला. मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, तिथेच चुकतं. तो म्हणाला, पण आतून किती खरखरीत आहे, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, मला विचार. आणि सगळं सांगितलं, बाळीचं सोडून. मग तेही सांगितलं.

९ सप्टेंबर

काल दुपारी सूनबाईला दवाखान्यात नेलं. आम्ही तिघं बाकावर. चिरंजीव नखं खात होता, ही त्याला हटकत होती. मी तळव्याने बाकाची फळी घोटत होतो. मनात सारखी ती काळी बाटली येत होती.

आज सकाळी नर्स दार उघडून बाहेर आली. म्हणाली, मुलगी झाली. आई बरी आहे आणि मुलगी अगदी ठणठणीत आहे.

ठणठणीत. या शब्दात माझं नाव आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, खणखणीत, कुठे चीर नाही. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. नर्स घाबरली, आजोबांना बरं वाटत नाही का म्हणून विचारायला लागली. ही तिला म्हणाली, "काही झालेलं नाही. आमच्याकडे हल्ली पाझरणारीच मडकी असतात."

चिरंजीव दवाखान्यात थांबला. दोघी उद्या येणार, म्हणून मी घर झाडायला पुढे आलो. दार उघडलं तर खिडकीत, जिथे चकत्या असायच्या आणि मग सापळा होता, तिथे चिमुकला माठ, चूल, तवा, झाकणासकट पातेलं. धुऊन ओळीने उपडी मांडलेली. मागून ही आली, तिने सांगितलं. काल दवाखान्यात निघण्यापूर्वी सूनबाईने चिरंजीवाकडून माळ्यावरचा डबा उतरवून घेतला होता, आणि मी रिक्षा आणायला गेलो तेवढ्यात गाळण्याच्या पाण्याने सगळं धुतलं होतं. कळा सुरू असताना.

मी तो चिमुकला माठ उचलला आणि टिचकी मारली. ठण झालं. मग झाकणावरचा गोटा बाजूला ठेवून गाळणं काठोकाठ भरलं, म्हणजे उद्यापर्यंत बादलीत पाणी पुरेसं साठेल.